कमाटीबागेतला ग्रुप फोटो : मागची रांग धूसर का?

वडोदऱ्यात घरच्या मंडळींचा फोटो म्हटलं की कमाटीबाग आलीच. तीन रांगा, पंधरा माणसं, ५० एमएम लेन्स. पुढच्या काकू स्वच्छ, मागचे आजोबा धूसर. दोष लेन्सचा नव्हता, एफ १.८ चा, म्हणजे लेन्सचं छिद्र फार उघडं ठेवल्याचा होता. फुल फ्रेमवर (३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरवर) ४ मीटरवरून एवढ्या उघड्या छिद्राने पुढून मागे जेमतेम ७० सेंमीचा पट्टा स्पष्ट येतो. तीन रांगांना सव्वा मीटर लागतो.

एफ ५.६ केलं, म्हणजे छिद्र लहान केलं, की हाच पट्टा सव्वादोन मीटर होतो. फोकस पॉइंट एकच ठेवून मधल्या रांगेतल्या डोळ्यावर. कॅमेऱ्यावर सोडलं तर तो बहुधा सर्वांत जवळचा चेहरा पकडतो. पोरं हलतातच, म्हणून शटर १/२५० सेकंद. आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १६०० पर्यंत गेला तरी चालेल. फोटोत थोडे दाणे खपतात, हललेला चेहरा नाही.

वडाखाली मात्र उभं करू नका: पानांतून उन्हाचे कवडसे गालांवर पडतात, ते नंतर निघत नाहीत. इमारतीची सलग सावली बघा. हिरवळीमुळे चेहरे हिरवट दिसले तर पांढऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) घ्या. काचांवरची चमक टाळायला चष्मेवाल्यांना हनुवटी किंचित खाली करायला सांगा. आणि दहा फ्रेम तरी काढा. कोणीतरी डोळे मिटतंच.