व्यावसायिक यश आणि स्वतःचा सूर : रॉक बँडनी या चुका टाळाव्यात

गाणे गाजू लागले की काही बँडना आपण विकले गेलो की काय, अशी शंका छळू लागते, आणि त्या अपराधी भावनेतून घेतलेले निर्णय मूळ दुखण्यापेक्षा अधिक नुकसान करतात. लोकप्रियता हा दोष नव्हे. आर.ई.एम. या अमेरिकी रॉक बँडने १९८८ मध्ये वॉर्नर ब्रदर्ससारख्या बड्या संगीत कंपनीशी करार केला, तरी १९९१ मध्ये त्यांचे जे गाणे जगभर गाजले ते मँडोलिनच्या सुरावटीवर उभे होते. केवळ खपासाठी कोणी असे गाणे बेतले नसते. म्हणून काही बिनसल्यासारखे वाटले, तर श्रोते किती वाढले यापेक्षा निर्णय कोणाच्या हाती गेले हे आधी तपासावे.

सर्वांत महागात पडते ती करारावर घाईने केलेली सही. कंपनीची आगाऊ रक्कम हे बक्षीस नसते. ती, आणि बहुतेक करारांत ध्वनिमुद्रणाचा खर्चही, बँडच्या रॉयल्टीतून, म्हणजे विक्रीतील वाट्यातून, वळता होतो, आणि हे ओझे डोक्यावर असताना ‘पुढचे गाणे मागच्यासारखेच करा’ ही सूचना नाकारणे फार जड जाते. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या बँडचे गायक-गीतकार जॉन फोगर्टी यांनी फँटसी या कंपनीच्या करारातून सुटण्यासाठी जुन्या गाण्यांची रॉयल्टी सोडली. त्या गाण्यांचे हक्क कंपनीकडे असल्यामुळे, फोगर्टी यांचे १९८५ चे गाणे त्यांच्याच जुन्या गाण्याची नक्कल आहे, असा दावा कंपनीने केला. ज्यूरीचा कौल फोगर्टी यांच्या बाजूने लागला, पण वकिलांच्या खर्चाचा वाद १९९४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मास्टरची (मूळ ध्वनिमुद्रणाची) मालकी कोणाकडे राहील, किती अल्बम देणे बंधनकारक आहे, अंतिम मिक्सवर (गायन व वाद्यांच्या आवाजांच्या अखेरच्या जुळणीवर) शेवटचा शब्द कोणाचा आणि जाहिरातीत गाणे वापरण्यास बँडची संमती लागेल का, हे सही करण्यापूर्वी स्वतःच्या वकिलाकडून समजून घ्यावे. कंपनीने सुचवलेला वकील यासाठी चालणार नाही.

दौऱ्याच्या तारखा आधी ठरवणे हीदेखील नेहमीची चूक आहे. यू-टू या आयरिश बँडच्या १९९७ च्या ‘पॉप’ या अल्बमचे काम संपण्यापूर्वीच दौरा ठरला होता. अल्बम घाईत पुरा करावा लागला आणि त्यातील काही गाणी त्यांनी नंतर नव्याने मिक्स करून प्रसिद्ध केली.

याच्या उलट, यशाला उत्तर म्हणून मुद्दाम कर्कश होण्याचा मोहही घातक असतो. ‘नेव्हरमाइंड’ या अल्बमच्या प्रचंड खपानंतर निर्वाणा या बँडने १९९३ चा अल्बम ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी यांच्याकडून खडबडीत ध्वनीत मुद्रित करून घेतला, आणि अल्बिनी यांनी रॉयल्टी नाकारून ठराविक मानधनच घेतले. तरीही पुढे दोन गाणी निर्माते स्कॉट लिट यांच्याकडून पुन्हा मिक्स करून घेण्यात आली. याला शरणागती म्हणणे मला पटत नाही, कारण गायकाचा आवाज आणि बास अधिक स्पष्ट हवा, ही बँडचीही भावना होती. बदलाची सूचना कंपनीकडून आली म्हणून ती चुकीची ठरत नाही. गाण्याला तिची गरज आहे का, हे ऐकून ठरवावे.

दर अल्बमला ‘कोणाची गाणी घ्यायची’ यावर भांडण होत असेल, तर तो बहुधा सुरांचा वाद नसतो. गीतलेखनाची रॉयल्टी नोंदलेल्या नावांनाच मिळते, त्यामुळे उत्पन्नासाठी दुबळे गाणेही पुढे रेटले जाते. आर.ई.एम.च्या चौघांनी गाण्यांचे श्रेय सामाईक ठेवले. प्रत्येक बँडला हे मानवेलच असे नाही, परंतु वाटा कोणाचा किती, हे पहिले गाणे प्रसिद्ध होण्यापूर्वीच लेखी ठरवावे.