आठवड्याचं इंजेक्शन घरीच घेताय? मग या चुका टाळा

रोज इन्सुलिन घेणारा माणूस बोलता बोलता टोचून मोकळा होतो. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या इंजेक्शनचं तसं होत नाही. मधल्या सात दिवसांत हाताची सवय मोडते, मागच्या वेळी डावीकडे टोचलं होतं की उजवीकडे ते आठवत नाही, आणि कधी कधी तर मागच्या वेळी घेतलं होतं का इथूनच सुरुवात. डायबेटिस आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड, टर्झेपाटाइड, डुलाग्लुटाइड, संधिवातासाठीचं मेथोट्रेक्सेट आणि इटानरसेप्ट, ही सगळी साधारण याच पद्धतीने, कातडीखालच्या चरबीत घ्यायची. सुई बारीक असते, दुखत फारसं नाही. गंमत म्हणजे लोक घाबरतात ते नेमकं त्या टोचण्यालाच, आणि गडबड होते ती टोचायच्या आधी नाहीतर नंतर. म्हणून हा लेखही बराचसा आधी-नंतरबद्दलच आहे.

वार ठरवलाच नाही

"आठवड्यातून एकदा" म्हणजे जमेल तेव्हा एकदा असं नाही, एक वार पक्का करायचा आणि घेतल्या घेतल्या कॅलेंडरवर किंवा पेनच्या (म्हणजे औषध भरलेल्या, लिहायच्या पेनासारख्या इंजेक्शनच्या) डब्यावर तारीख टाकायची. घेतल्यावर हं, आधी नाही. मोबाईलचा अलार्म चांगला आहे पण अलार्म बंद केला म्हणजे इंजेक्शन घेतलं असं होत नाही, आणि आठवड्याने मागे वळून बघताना या दोन गोष्टी डोक्यात हमखास मिसळतात.

मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत तर हा वार जिवावरचा आहे. आठवड्याचा डोस चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत, कारण रक्तपेशी तयार होणंच थांबत जातं आणि तोंडात फोड, ताप, कुठूनही रक्त येणं असं सुरू होईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. प्रिस्क्रिप्शनवर नुसतं "आठवड्यातून एकदा" असेल तर डॉक्टरांकडून वाराचं नाव लिहून घ्या, आणि घरात अजून एका माणसाला तो वार माहीत असू द्या.

डोस चुकला की अंदाजाने भरून काढणं

यात दोन प्रकारचे लोक असतात. एक म्हणतात जाऊ दे पुढच्या आठवड्यात बघू, दुसरे एकदम दोन डोस घेतात. दुसऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. दोन डोस एकत्र कधीच घ्यायचे नाहीत, कोणत्याही औषधाचे. उशिरा घेतलं तर किती उशीर चालतो हे मात्र औषधागणिक बदलतं: ओझेम्पिकला (सेमाग्लुटाइड) चुकलेल्या वारापासून 5 दिवसांच्या आत घेता येतो, माउंजारोला (टर्झेपाटाइड) 4 दिवसांच्या आत, ट्रुलिसिटीला (डुलाग्लुटाइड) पुढचा डोस यायला निदान 3 दिवस बाकी असतील तरच. मुदत निघून गेली असेल तर तो डोस सोडून द्यायचा आणि नेहमीच्या वारी पुढचा घ्यायचा. वारच बदलायचा असेल तरी दोन डोसच्या मधे अंतर लागतं, ओझेम्पिकला 2 दिवसांपेक्षा जास्त, माउंजारो आणि ट्रुलिसिटीला किमान 3 दिवस. मेथोट्रेक्सेटचा डोस चुकला तर स्वतः काही ठरवूच नका, सरळ डॉक्टरांना विचारा.

दोन-तीन आठवडे सलग चुकले असतील तर वेगळाच प्रश्न येतो. सेमाग्लुटाइडसारख्या औषधाचा डोस हळूहळू वाढवत नेलेला असतो तो पोटाला सवय व्हावी म्हणून, मोठ्या गॅपनंतर त्याच मोठ्या डोसवर उडी मारली की उलट्या सुरू होऊ शकतात. तेव्हा कुठून सुरू करायचं हे विचारून घ्या.

फ्रीजमध्ये ठेवलं म्हणजे झालं असं समजणं

मेथोट्रेक्सेट सोडलं तर वरच्या औषधांचं न उघडलेलं पेन 2 ते 8 डिग्रीत राहायला हवं. फ्रीजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही, आणि बर्फाच्या खणाला किंवा मागच्या गार भिंतीला चिकटून तर अजिबात नाही. एकदा गोठलेलं औषध वितळल्यावर अगदी स्वच्छ दिसतं, म्हणून लोक वापरतात. वापरायचं नाही, टाकून द्यायचं, महाग असलं तरी. प्रवासात बर्फाच्या पिशवीला थेट लावून ठेवलेलं पेनही असंच वाया जातं, मधे टॉवेल हवा, आणि विमानात ते हातातल्या बॅगेत न्यायचं, सामानात टाकायचं नाही.

फ्रीजबाहेर किती दिवस चालतं याचेही आकडे वेगवेगळे आहेत. ओझेम्पिकचं पेन एकदा वापरायला काढलं की 30 डिग्रीच्या आत 56 दिवस, ट्रुलिसिटी 14 दिवस, माउंजारोचं एकदाच वापरायचं पेन 21 दिवस. पेनमध्ये औषध शिल्लक दिसतंय म्हणून मुदत संपल्यावरही वापरत राहणारे खूप आहेत, म्हणून पहिल्या वापराची तारीख पेनवरच चिकटवा.

आणि हो, फ्रीजमधून काढलं आणि लगेच टोचलं तर आग होते. इटानरसेप्टसारखी औषधं 15 ते 30 मिनिटं बाहेर ठेवायला सांगतात. पण घाई झाली म्हणून गरम पाण्यात बुडवणं, मायक्रोवेव्ह, उन्हात ठेवणं हे सगळं बाद. नुसतं टेबलावर राहू द्या. तेवढ्यात औषधाकडे एक नजर टाका: ज्याचं औषध पाण्यासारखं स्वच्छ असायला हवं ते गढूळ झालंय, रंग बदललाय किंवा आत कण तरंगतायत तर घेऊ नका.

युनिट आणि मिलिग्रॅमचा घोळ

ही चूक सगळ्यात महागात पडते असं माझं मत आहे, म्हणून जरा सविस्तर. तयार पेनमध्ये डोस आकड्यावर फिरवायचा किंवा आधीच भरलेला असतो, तिथे फार तर चुकीच्या ताकदीचं पेन हातात येतं, म्हणून दुकानातून आणल्यावर डब्यावरचा आकडा प्रिस्क्रिप्शनशी जुळवून बघायचा. खरा घोळ होतो तो बाटलीतून इन्सुलिनच्या सिरिंजने औषध ओढताना. 100 युनिटच्या सिरिंजवर 100 युनिट म्हणजे 1 मिलीलीटर. हा आकडा फक्त किती द्रव ओढला ते सांगतो, त्यात औषध किती आहे ते बाटलीच्या ताकदीवर ठरतं.

समजा डॉक्टरांनी 0.25 मिलिग्रॅम सांगितलंय आणि बाटलीवर लिहिलंय 1 मिलीलीटरमध्ये 5 मिलिग्रॅम. मग हवं 0.05 मिलीलीटर, म्हणजे फक्त 5 युनिट, सिरिंजच्या तळाशी जेमतेम दिसेल एवढं. आता कोणी "पॉइंट पंचवीस" ऐकून 25 युनिटच्या रेषेपर्यंत ओढलं तर अंगात गेलं 1.25 मिलिग्रॅम, पाचपट. आणि पुढची बाटली 2.5 मिलिग्रॅमवाली आली तर तोच बरोबर डोस 10 युनिट होतो, म्हणजे जुना पाठ केलेला आकडाही चुकला. एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने, जुलै 2024 मध्ये याच प्रकाराबद्दल इशारा दिला होता, काही लोकांनी ठरलेल्या डोसच्या 5 ते 20 पट सेमाग्लुटाइड घेतलं होतं. हे औषध अंगातून निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो, त्यामुळे जास्त गेलं तर उलट्या एका रात्रीत थांबत नाहीत, दिवसचे दिवस चालतात आणि काहींना ॲडमिट व्हावं लागतं. बाटलीवाल्यांनी मिलिग्रॅम, मिलीलीटर आणि युनिट तिन्ही आकडे डॉक्टर किंवा फार्मासिस्टकडून कागदावर लिहून घ्यावेत, आणि बाटली बदलली की परत विचारावं. तोंडी सांगितलेल्यावर जाऊ नका.

याच्याच जोडीला खोटं औषध. ओझेम्पिकच्या नकली बॅचेस सापडल्याचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेनेही जून 2024 मध्ये दिला होता. सील तुटलेलं, लेबल वाकडं, स्पेलिंग चुकलेलं किंवा ऑनलाइन कुठल्यातरी मेसेजवरून आलेलं पेन घेऊ नका.

सुई लवकर काढणं

आता प्रत्यक्ष टोचणं. इथे एकच चूक बाकी सगळ्यांपेक्षा जास्त होते: बटण दाबलं, क्लिक ऐकू आला आणि पेन उचललं. बहुतेक ऑटोइंजेक्टरमध्ये (बटण दाबलं की आपोआप टोचणाऱ्या पेनमध्ये) पहिला क्लिक म्हणजे सुरुवात, औषध अजून आत जातंय. दुसरा क्लिक येईपर्यंत किंवा पेनवरच्या खिडकीचा रंग बदलेपर्यंत पेन दाबून धरायचं, माउंजारोच्या पेनला यात 10 सेकंदांपर्यंत लागू शकतात. ओझेम्पिकसारख्या पेनमध्ये आकडा 0 वर आल्यावरही हळूहळू 6 मोजायचे. घाईत मोजलेले 6 दोन सेकंदांत संपतात, त्यामुळे घड्याळाच्या काट्याकडे बघून मोजा. लवकर उचललं की सुईच्या टोकातून धार लागते आणि कातडीवर चमकणारा ओला डाग राहतो.

तसं झालंच तर? एखादा थेंब दिसणं नॉर्मल आहे, सोडून द्या. बरंच औषध सांडलंय असं वाटत असेल तरी दुसरा डोस घेऊ नका, कारण आत किती गेलं ते तुम्हाला माहीत नाही. डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला फोन करा.

नवं पेन असेल तर टोचण्याआधी फ्लो चेक, म्हणजे औषध सुईतून येतंय का ते बघायला लोक विसरतात. सांगितलेल्या खुणेपर्यंत फिरवून, सुई वर धरून बटण दाबायचं आणि टोकावर थेंब येतो का बघायचं. थेंब आलाच नाही तर सुई बदला. एकदाच वापरायच्या ऑटोइंजेक्टरला हे लागत नाही, आणि त्यातला छोटा हवेचा बुडबुडा काढायच्या फंदातही पडू नका, कातडीखालच्या इंजेक्शनमध्ये त्याने काही होत नाही.

जागेबद्दल थोडक्यात. पोटावर बेंबीपासून 5 सेंटिमीटर सोडून, मांडीचा पुढचा भाग, किंवा दंडाची मागची बाजू, पण दंडावर दुसऱ्याने दिलं तर बरं पडतं. तीळ, व्रण, काळानिळा डाग, लाल झालेली जागा टाळायची. दर वेळी मागच्या जागेपासून निदान एक बोटभर लांब सरकायचं, कारण "इथे दुखत नाही" म्हणून एकच जागा धरून ठेवली की तिथे गाठ होऊ शकते आणि मग औषध नीट शोषलं जात नाही. दुखत नाही हेच कधी कधी जागा खराब झाल्याचं लक्षण असतं. स्पिरिटच्या स्वॅबने पुसल्यावर कातडी वाळू द्या, ओल्या स्पिरिटवर टोचलं की झोंबतं आणि मग दोष सुईला. टोचून झाल्यावर चोळायचं नाही, रक्ताचा ठिपका आला तर कापूस धरून ठेवा, बस.

सुई आणि पेनची काटकसर

सुई दर वेळी नवी. "घरचाच माणूस आहे, मीच वापरतोय" हे कारण चालत नाही, एकदा वापरलेल्या सुईचं टोक बोथट होतं. सुई लावून पेन ठेवून दिलं तर औषध गळतं आणि आत हवा जाते. आणि पेन कोणाशीही शेअर करायचं नाही, नवरा-बायकोनेही नाही, सुई बदलूनही नाही. टोचताना रक्ताचा अंश उलटा पेनमध्ये जाऊ शकतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. 2015 मध्ये एफडीएने अशा पेनांवर "एकाच पेशंटसाठी" असा इशारा छापायला लावला तो यामुळेच.

वापरलेली सुई कचऱ्याच्या पिशवीत टाकली की ती कचरा उचलणाऱ्याच्या हातात घुसते. जाड प्लास्टिकचा, झाकण घट्ट बसणारा डबा ठेवा, पाऊण भरला की बंद करा आणि कुठे द्यायचा ते दवाखान्यात विचारा. मेथोट्रेक्सेटचा कचरा वेगळा ठेवायला सांगतात, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिने ते सांडलेलं पुसायलाही जाऊ नये.

टोचून झाल्यावर दुर्लक्ष

टोचलेल्या जागी एक-दोन दिवस थोडी लाली, खाज, हे चालतं. लाली पसरतेय, जागा गरम आणि दुखरी होतेय, ताप येतोय तर दाखवा. सेमाग्लुटाइड-टर्झेपाटाइडवाल्यांनी पोटात थांबतच नाही असं जोरात दुखणं, विशेषतः पाठीपर्यंत जाणारं, अंगावर काढू नये, ते स्वादुपिंडाच्या सुजेचं असू शकतं. उलट्यांमुळे पाणीही पोटात राहत नसेल तर तेही अंगावर काढू नये. सोबत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी असेल तर घाम, थरथर, गरगरणं आलं की साखर तपासा. ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे इंजेक्शन चालू असल्याचं आधीच सांगा, कारण पोट हळू रिकामं होतं आणि उपाशी असूनही आत अन्न राहू शकतं. ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला तर मात्र फोनवर सल्ला विचारत बसू नका, थेट इमर्जन्सी गाठा.

बाकी कशासाठीही डॉक्टरांना फोन करायच्या आधी वापरलेलं पेन आणि त्याचा डबा फेकून देऊ नका, समोर ठेवा. औषधाचं नाव, ताकद, बॅच नंबर, किती घेतलं, किती वाजता घेतलं आणि मागचा डोस कधीचा, एवढं पलीकडून विचारतातच.