क्रील विणायला बसताय? या चुका टाळा

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर पूर्वी कॉनेमारात पीट (दलदलीतून खणून वाळवलेलं मातीसारखं जळण) आणि अरन बेटांवर शेतात घालायचं समुद्री शेवाळ वाहून न्यायचं, ते पाठीवरच्या किंवा गाढवाच्या दोन्ही अंगांना लटकवलेल्या क्रीलमधून. आयरिश भाषेत तिला ‘क्लीव’ म्हणतात. ही खोल पाटी विलोच्या फोकांची असते. विलो आपल्याला क्रिकेटच्या बॅटमुळे माहीत, पण पाटीचा विलो त्याचा झुडपी भाऊबंद.

पहिली चूक सवयीची: बुडापासून सुरुवात. आपल्याकडची टोपली तशी होते, पण क्रील उलटी विणतात. उभे फोक जमिनीत रोवायचे आणि मातीलगत जो पहिला घट्ट वेढा पडेल, तोच पाटीचा काठ. विणत वर जायचं, मग उभ्या फोकांचे शेंडे वाकवून शेवटी बूड बंद करायचं आणि पाटी उपटून सुलटी करायची. आकार वाकडा झाला, तर दोष बहुधा रोवण्यातलाच, अंतरं सारखी पडलेली नसतात. अशा वेळी वर कितीही ओढाताण करा, उपयोग नाही. उसवा आणि पुन्हा रोवा.

काठाच्या जरा पुढे विणीत एक मोकळी पट्टी सोडलेली दिसेल. फोक कमी पडले असं समजून ती भरून टाकू नका! पाटी उचलताना हात घालायला आणि दोर ओवायला ती जागा लागते.

महिन्याभरात पाटी खुळखुळायला लागली? फोक ओले असताना विणलेत. सुकताना ते आकसतात आणि वीण सैलावते. पानगळीनंतर, कळ्या फुटायच्या आत, एका वर्षाचे सरळ फोक तोडा आणि काही आठवडे उभे करून ठेवा.

उलट, वाकवताना फोक कडकन मोडत असेल तर तो फार वाळलाय. सालीसकट वाळलेला फोक साधारण फुटाला एक दिवस या हिशेबाने भिजवावा लागतो, म्हणजे पाच फुटी फोकाला पाच दिवस. नंतर रात्रभर ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. हा टप्पा गाळायचा मोह सगळ्यांनाच होतो. जास्त दिवस पाण्यात विसरलात तर साल बुळबुळीत होऊन हातात येते.

जोड देताना बुडख्याला बुडखा, शेंड्याला शेंडा. बुडख्याला शेंडा जोडला की तिथे पायरी पडते, आणि ओझं भरल्यावर ती पायरी पाठीला टोचते.