धुळ्याहून साल्हेर
धुळ्याहून साक्री, पिंपळनेर, ताहाराबादमार्गे पहाटेच निघा. वाघांबे गावातून साल्हेर आणि शेजारचा सालोटा या दोन किल्ल्यांमधल्या खिंडीत चढा, पुढे कातळकोरीव पायऱ्या लागतात. त्या झिजल्यात, पावसात शेवाळतात. पाय घसरतो तो बहुतेक उतरताना, म्हणून पाऊल आडवं टाका. माणशी 3 लिटर पाणी आणि कळण्याची भाकरी-ठेचा सोबत हवा. गुहांपाशी विसावून परशुराम मंदिर गाठा: 1567 मीटर, महाराष्ट्रातला सर्वात उंच किल्ला. तिथून पायथ्याचा मुलूख नीट न्याहाळा. 1672 मध्ये मोरोपंत पिंगळे, प्रतापराव गुजरांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं ते इथेच. मराठा सरदार सूर्याजी काकडे इथेच लढताना पडले. मराठे म्हणजे फक्त गनिमी कावा, असं मानणाऱ्यांनी ही जमीन पाहायलाच हवी. अंधार पडायच्या आत खिंड उतरून गावात या.