जुनी नॅरोबोट घेऊन तीत राहायला जाताय? या चुका टाळा

लंडन-बर्मिंगहॅमच्या घरभाड्याला कंटाळून कालव्यावरच्या अरुंद, लांबट बोटीत, म्हणजे नॅरोबोटीत, राहायचा विचार करणारी मराठी मंडळी हल्ली अधूनमधून भेटतात. विचार चांगला आहे. इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे 2,000 मैलांचे कालवे आणि नद्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था सांभाळते, आणि त्यांवर हजारो लोक बारमाही बोटीत राहतात. पण जुनी बोट बघायला गेलेला माणूस आधी आत शिरतो. ओकचं पॅनेलिंग, कोपऱ्यातली शेगडी, खिडकीबाहेरची बदकं बघतो आणि तिथेच मनातल्या मनात सौदा पक्का करून टाकतो. पुढे हजारो पौंड जातात ते मात्र पाण्याखालच्या पत्र्यात आणि फळ्यांमागच्या वायरींत. म्हणून इथे पडदे आणि फर्निचरबद्दल जवळपास काहीच नाही.

सर्टिफिकेटवर भरवसा ठेवून सर्व्हे टाळणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. विकणारा सांगतो, “बोट सेफ्टी सर्टिफिकेट अजून तीन वर्षं चालतंय,” आणि घेणारा निर्धास्त होतो. हे सर्टिफिकेट चार वर्षांसाठी मिळतं, कालव्यावर बोट ठेवायच्या लायसन्ससाठी ते लागतंच, पण त्यात तपासतात ते गॅस, डिझेल, वायरिंग, आग आणि प्रदूषणाचा धोका. बोटीचा तळ गंजून चाळण व्हायला आला असला तरी हे सर्टिफिकेट मिळू शकतं, कारण तळ बघणं त्या तपासणीचा भागच नाही.

तळ बघायचा तर बोट पाण्याबाहेर काढावी लागते. ड्राय डॉक किंवा क्रेनचा आणि सर्व्हेअरचा खर्च रीतीप्रमाणे घेणाऱ्याने करायचा असतो, आणि इथे हात आखडता घेऊ नका. सर्व्हेअर तुम्ही नेमलेला हवा. विकणाऱ्याने दोन वर्षांपूर्वी करून घेतलेला रिपोर्ट वाचायला घ्या जरूर, पण त्या सर्व्हेअरची बांधिलकी ज्याने पैसे दिले त्याच्याशी असते, तुमच्याशी नाही. बयाणा देताना “सर्व्हे समाधानकारक आला तरच” ही अट लेखी घाला.

रिपोर्टात सरासरी जाडी बघू नका, सगळ्यात कमी आकडा शोधा. हल्लीच्या बोटींचा तळ साधारण 10 मिमी, बाजू 6 मिमी आणि केबिन 4 मिमी असते. जुन्या बोटींत तळसुद्धा कित्येकदा 6 मिमीचाच असतो. पाण्याखालचा पत्रा 4 मिमीच्या खाली गेला की बहुतेक विमा कंपन्या कुरकुर करतात. सगळीकडे साडेपाच मिमी आणि पाण्याच्या रेषेवर एका जागी साडेतीनचा खड्डा असेल, तर तुमची बोट साडेतीन मिमीची आहे असंच धरून चाला.

मग दुरुस्ती म्हणून जुन्या पत्र्यावर नवा पत्रा वेल्ड करतात. हे काम नीट झालं तर बोट आणखी कित्येक वर्षं चालते, पण दोन गोष्टी विसरल्या जातात. वजन वाढतं, बोट खाली बसते, आणि सिंकची भोकं, एक्झॉस्ट, गॅस लॉकरची निचऱ्याची भोकं पाण्याच्या जवळ येतात. दुसरं म्हणजे, वेल्डिंगची उष्णता आतल्या इन्सुलेशनपर्यंत पोचून ते पेटू शकतं, म्हणून आत माणूस उभा ठेवल्याशिवाय वेल्डिंग होऊ देऊ नका.

घेतल्यानंतरची निगा: बिटुमेनचा काळा थर दर दोन-तीन वर्षांनी, आणि गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचे अ‍ॅनोड, म्हणजे पत्र्याऐवजी स्वतः झिजणारे धातूचे ठोकळे. मरीनात किनाऱ्याच्या विजेला बोट जोडणार असाल तर गॅल्व्हानिक आयसोलेटर किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आधी बसवा. नाहीतर अर्थच्या तारेतून शेजारच्या बोटी तुमच्या बोटीशी जोडल्या जातात आणि तुमचा अ‍ॅनोड, मग तुमचा पत्रा, झपाट्याने झिजायला लागतो.

माप आणि जागा नंतर बघू म्हणणं

बऱ्याच कालव्यांवरची लॉक (बोट वर-खाली नेणारी, दोन्हीकडे दरवाजे असलेली कुंडं) जेमतेम 7 फूट रुंद आहेत, म्हणून नॅरोबोट 6 फूट 10 इंचांची. कुटुंबाला जागा हवी म्हणून 10-12 फुटी रुंद बोट घेतली, तर तिला मिडलंड्सच्या अरुंद कालव्यांतून उत्तरेला जाताच येत नाही. ट्रकवर घालून न्यावी लागते. लांबीचंही तसंच. 57 फुटांपर्यंतची बोट जवळपास सगळीकडे जाते, 70 फुटीला यॉर्कशरमधली छोटी लॉक बंद.

बोट घेतली म्हणजे तिची बांधायची जागा मिळाली असं नाही. जागेचा करार आणि लायसन्स विक्रीबरोबर आपोआप तुमच्या नावावर होत नाहीत. कायमची जागा नसेल तर 1995च्या कायद्याप्रमाणे एका ठिकाणी सलग 14 दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही, आणि प्रवास खराखुरा असावा लागतो. दोन पुलांच्या मध्ये पुढे-मागे करत राहणं चालत नाही. एप्रिल 2024पासून कायमची जागा नसलेल्या बोटींना लायसन्सवर जादा आकारही लागतो. मुलांची शाळा, ऑफिसला जायची ट्रेन, व्हिसाच्या कागदांसाठी लागणारा पत्ता यांचा विचार बोटीच्या आधी करा.

आत पाणी दिसलं की लगेच तळाला दोष देणं

केबिनच्या मागच्या टोकाला, फरशीत एक छोटं झाकण असतं. नसेल तर कापून करून घ्या. ते उचला, टॉर्च मारा, हात घाला. हात कोरडा आला आणि बोटांना भुरकट धूळ लागली तर उत्तम. चिखलट काळं पाणी आणि गंजाचे पापुद्रे हाताला आले, तर कुठेतरी पाणी मुरतंय. पण पाणी दिसल्याबरोबर घाबरून बोट डॉकवर नेऊ नका. आधी सगळं पाणी स्पंजने टिपून जागा कोरडी करा, आणि मग एकेक शक्यता बाद करत जा.

सगळे नळ बंद असताना रात्री पाण्याचा पंप मध्येच क्षणभर घुर्र करून थांबतो का? मग आतल्याच पाइपात कुठेतरी गळती आहे, बहुधा गिझरमागच्या किंवा शॉवरखालच्या जोडात. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा, सकाळपर्यंत कुठला भिजतो ते कळेल. पाणी पावसानंतरच वाढत असेल तर खिडक्यांच्या फ्रेमकडे आणि छतावरच्या व्हेंटकडे बघा. खिडकीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या खाचेत निचऱ्याची बारीक भोकं असतात, ती शेवाळाने बुजली की पाणी भिंतीच्या आतून खाली उतरतं. पाऊस नाही, पंप शांत, आणि थंडीच्या दिवसांतच पाणी साचतंय, तर ती वाफ गार पत्र्यावर जमून खाली ओघळतेय.

इंजिनाखालचं पाणी वेगळं. बोट ढकलणाऱ्या पंख्याचा (प्रोपेलरचा) दांडा जिथून बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणारा जोड असतो, तो स्टर्न ग्लँड. दांडा फिरत असताना तो थेंब थेंब गळणं ठीक आहे. बोट उभी असतानाही गळत असेल तर ग्रीसचा स्क्रू थोडा फिरवा; तरी थांबत नसेल तर दोन्ही नट सारख्या प्रमाणात किंचित आवळा. आवळल्यावर तो भाग हाताला गरम लागला तर जास्त आवळलाय. आवळायला जागाच उरली नसेल तर आतलं पॅकिंग बदलायची वेळ झाली. आणि पंख्यात अडकलेलं प्लॅस्टिक काढायला जे वीड हॅच उघडतात, त्याचं झाकण परत बसवताना घाई केल्याने बोटी खरोखर बुडाल्या आहेत. झाकण, रबर, क्लॅम्प बघा, मग गिअर टाकून पाणी आत येत नाही याची खात्री करा, आणि मगच निघा.

थंडीत व्हेंट बुजवणं

यात जीव जातो, म्हणून मनापासून सांगतो. आपल्या स्वयंपाकात वाफ फार. कुकरच्या चार शिट्ट्या, भाताची पेज, उकळता चहा, वर शेगडीजवळ वाळत घातलेले कपडे. सकाळी खिडक्यांतून पाणी ओघळतं, दारातून गार वारा येतो, आणि कुणीतरी व्हेंटमध्ये चिंध्या कोंबतं. त्यामुळे ओल तर वाढतेच, शिवाय शेगडीतला कार्बन मोनॉक्साइड आत साठायला वाट मिळते. त्याला वास नाही, रंग नाही. एप्रिल 2019पासून बोट सेफ्टी तपासणीत त्याचा अलार्म सक्तीचा आहे. तो झोपायच्या जागेतही लावा. व्हेंट उघडेच ठेवा. ओलीवर उपाय म्हणजे कुकर लावताना छतावरची झडप उघडणं, कपडे बाहेर वाळवणं आणि गादीखाली हवा खेळेल अशी जाळी टाकणं.

सिलिंडर लाल, म्हणजे प्रोपेनचा घ्या. निळ्यातला ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वाफच होत नाही आणि ऐन हिवाळ्यात बर्नर विझतो. बोट हेच तुमचं घर असेल तर गॅसचं काम ‘गॅस सेफ’ या अधिकृत यादीत नोंदणी असलेल्या, बोटीवरच्या एलपीजीची पात्रता असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. गळालेला गॅस हवेपेक्षा जड असतो, बोटीत तो तळाशी साचून राहतो.

विजेचा हिशेब घरासारखा करणं

750 वॉटचा मिक्सर इन्व्हर्टरवर लावला की 12 व्होल्टच्या बॅटरीतून जवळपास 70 अँपिअर ओढतो. चटणी दोन मिनिटांत होते, त्यामुळे एकूण वीज फार जात नाही, पण वायर बारीक असेल तर ती तापते. इंडक्शनचा तर विचारच सोडा.

“नव्या बॅटऱ्या वर्षात गेल्या” ही तक्रार ऐकली की बहुतेकदा कारण एकच निघतं: लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या निम्म्याखाली उतरवल्या आणि कधीच पूर्ण भरल्या नाहीत. शेवटचे वीस टक्के भरायला तासन्‌तास लागतात. डिसेंबरात लंडनला जेमतेम आठ तास उजेड, तेव्हा सोलरवर भागत नाही. आणि इतर बोटींजवळ बांधलेलं असताना रात्री 8 ते सकाळी 8 इंजिन चालवायला मनाई आहे. लिथियम बॅटऱ्या हा चांगला उपाय आहे, पण त्या इंजिनावरच्या, वीज बनवणाऱ्या जुन्या अल्टरनेटरला थेट जोडल्या तर तो जळू शकतो. मध्ये करंट आवरणारा डीसी-टू-डीसी चार्जर हवाच.

जुन्या बोटींत इन्सुलेशन म्हणून पांढऱ्या थर्माकोलच्या शिटा असतात. पीव्हीसीची वायर त्यांना चिकटून गेली असेल तर वर्षानुवर्षांत वायरीचं आवरण कडक होऊन तडकतं. पॅनेल काढाल तेव्हा एक वायर वाकवून बघा.

आधी किचन, मग बाकीचं

बहुतेकांचा क्रम असा उलटा असतो. खरा क्रम हा: आधी पत्रा आणि वेल्डिंग, मग खिडक्या आणि छताची गळती, मग इन्सुलेशन, वायरिंग, पाणी, गॅस, आणि सुतारकाम सगळ्यात शेवटी. जुनं फर्निचर काढलं की वजनाचा तोल बदलतो. बोट एका बाजूला कलली तर फरशीखाली वजनासाठी ठेवलेल्या विटा हलवून ती सरळ करावी लागते, आणि पक्की फरशी ठोकल्यावर ते जमत नाही. म्हणून फरशीचे तुकडे स्क्रूने बसवा, उचलता येतील असे.

शक्य असेल तर एक हिवाळा आहे त्या अवस्थेत राहून काढा, कुठे काय हवं ते तुमचं तुम्हालाच कळेल. ड्राय डॉकची तारीख मात्र आधीच लावून ठेवा. उन्हाळ्याआधी सगळ्यांनाच बोट रंगवायची असते, आणि नोव्हेंबर ते मार्चमध्ये दुरुस्तीसाठी काही लॉक बंद असतात, तेव्हा डॉकपर्यंतचा रस्ता खुला आहे का तेही ट्रस्टच्या यादीत बघून घ्या.