शेवटच्या आठवड्यात लेजंड घडत नाही

मिस्टर ऑलिंपिया, म्हणजे शरीरसौष्ठवातली सर्वात मोठी स्पर्धा. तिचे किताब मोजायचे तर ली हॅनी (1984 ते 1991) आणि रॉनी कोलमन (1998 ते 2005) आठ-आठवर बरोबरीत. मग तीनच किताबांचा फ्रँक झेन आजही का आठवतो? नव्वद किलोच्याही आतल्या या माणसाने 1977 ते 1979 सलग किताब नेला, तो प्रमाणबद्धता आणि पोझिंगच्या जोरावर. डोरियन येट्स सहा वर्षं त्याच कडक कंडिशनमध्ये, म्हणजे चरबी पार उतरवून, स्टेजवर उतरला, बर्मिंगहॅमच्या टेम्पल जिममधले सेट वहीत टिपून. कोलमन 1997 ला नववा आला होता. नवव्या नंबरने खचलेल्या पोरांनी हे विसरू नये.

आता नवखे ज्यात अडकतात तो सापळा. ‘मुंबई श्री’ला उतरणारा नवा पोरगा हमखास शेवटच्या आठवड्यात मीठ तोडतो, पाणी तोडतो. हिशेब असा की कातडीखालचं पाणी गेलं की कट, म्हणजे स्नायूंच्या रेघा, दिसतील. शरीर असं निवडून पाणी सोडत नाही. स्नायूच सुमारे पंचाहत्तर टक्के पाण्याचा, आणि एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (भातासारख्या खाण्यातून स्नायूत साठणारी साखर) साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. पाणी तोडलंत तर भात कितीही खा, स्नायू भरत नाही. मीठ तोडलंत की रक्ताचं आकारमान घटतं, बॅकस्टेजला पंप येत नाही (व्यायामाने स्नायू रक्ताने फुगत नाहीत), शिरा बसतात. आरशात काल बरा दिसणारा गडी स्टेजवर फ्लॅट पडतो. आणि ज्याला तो ‘पाणी’ समजत होता ती बहुतेक वेळा उरलेली चरबीच असते. कंबरेचा खालचा भाग आणि नितंब बघा, तिथे रेघा नसतील तर डायट कमी पडलंय, पाणी जास्त झालेलं नाही.

म्हणून चौदा-सोळा आठवडे आधी सुरुवात करा. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतरवा, किलोमागे दोन ग्रॅमच्या आसपास प्रोटीन ठेवा आणि शोच्या दोन आठवडे आधीच तयार व्हा. भात वाढवायचा असेल तर त्याची रंगीत तालीम तेव्हाच करा. शेवटच्या दिवशी नवा पदार्थ नको. मीठ-पाणी रोजचंच ठेवा.

पाणी काढायला लघवी वाढवणाऱ्या गोळ्या देणारा कोच लगेच सोडा, मग त्याच्या भिंतीवर कितीही ट्रॉफ्या असोत. पोटॅशियम बिघडलं की हृदयाचे ठोके बिघडतात. बॉडीबिल्डर मोहम्मद बेनाझिझा 1992 मध्ये हॉलंडची स्पर्धा जिंकून काही तासांतच गेला, आणि कारण म्हणून पाणी आटल्याचंच नाव पुढे आलं.

घाबरू नका, वेळेत तयार झालेल्याला यातलं काहीच लागत नाही. वाचलेला वेळ पोझिंगला द्या. सगळ्या सक्तीच्या पोझ प्रत्येकी वीस-तीस सेकंद धरा, तोंड वाकडं न करता, पाय ढिले न सोडता. पाठीच्या पोझ मोबाइलवर शूट करून बघा. डबल बायसेप्स मागून देताना पोटरी सुटलेली असते, आणि ते आरशात कधीच दिसत नाही.