मास स्पेक शिकायचंय? आधी लायपोसोम बनवायला शिका

एम.एस्सी. केमिस्ट्री करून मी पीएच.डी.ला लागले, तेव्हा मास स्पेक, म्हणजे रेणूंचं वजन मोजणारं मशीन, हाताळता आलं की गड सर झाला, अशी माझी समजूत होती. आता नवीन मुलं येऊन विचारतात, ‘ताई, मशीन कधी शिकवणार?’ मी त्यांच्या हातात आधी काचेची सिरिंज देते, लायपोसोम, म्हणजे लिपिडांचे (स्निग्ध रेणूंचे) सूक्ष्म पोकळ गोळे, बनवायला. या विषयातला डेटा बहुतेक वेळा मशीनपर्यंत पोचायच्या आधीच बिघडलेला असतो.

माझं प्रथिन अल्फा-सिन्यूक्लिन. पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूत ल्युई बॉडी नावाच्या गाठी सापडतात, त्यांत हेच साचलेलं असतं. १९९७ मध्ये याच्या जनुकातला ए-५३-टी हा बदल आनुवंशिक पार्किन्सन्सशी जोडला गेला. १४० अमिनो आम्लं, वजन साधारण १४,४६० डाल्टन (एक डाल्टन म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूचं वजन). एकटं असताना त्याला ठरावीक घडण नसते, पाण्यात सोडलेल्या दोऱ्यासारखं ते हलत असतं. ऋणभारित लिपिड असलेलं पटल (पेशीचं पातळ आवरण) भेटलं की मात्र त्याचा सुरुवातीचा भाग हेलिक्स, म्हणजे मळसूत्रासारखा, होऊन पटलावर आडवा बसतो. शेवटची चाळीसेक आम्लं, म्हणजे शेपटी, मोकळीच राहते.

हे बसणं आम्ही हायड्रोजन-ड्युटेरियम अदलाबदलीने मोजतो. लॅबमध्ये सगळे एचडीएक्सच म्हणतात. प्रथिन जड पाण्यात सोडायचं. (आपल्या अलिबागजवळ थळला ज्याचा कारखाना आहे, तेच जड पाणी.) प्रथिनाच्या कण्यातल्या मोकळ्या हायड्रोजनची जागा ड्युटेरियम घेतो आणि दर अदलाबदलीमागे वजन एका डाल्टनने वाढतं. हेलिक्समधले हायड्रोजन बंधात अडकलेले असतात, तिथे वजन सावकाश वाढतं. ठरलेल्या वेळी पीएच २.५ वर आणून, बर्फात ठेवून अदलाबदल थोपवायची, पेप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमने तुकडे करायचे आणि कुठला तुकडा किती जड झाला ते मास स्पेकवर बघायचं. ट्रिप्सिन हे दुसरं एन्झाइम का नाही, असं मला मुलाखतीत विचारलं होतं. इतक्या आम्लात ते काम करत नाही, पेप्सिन करतं.

घडी असलेल्या प्रथिनांसाठी लिहिलेली कार्यपद्धती इथे जशीच्या तशी उचलू नका. त्यात पहिला नमुना बहुधा दहाव्या सेकंदाला घेतात. आपलं मोकळं प्रथिन सात-साडेसात पीएचला तोवर ड्युटेरियमने भरूनही गेलेलं असतं. पीएच एका अंकाने उतरवला की अदलाबदल सुमारे दहापट मंदावते, तापमान उतरवूनही वेळ मिळतो. पण पीएच फार खाली नेलात तर प्रथिनाचा भारच बदलेल आणि तुम्ही भलतंच काहीतरी मोजत बसाल.

आता लायपोसोम, म्हणजे पेशीच्या पटलाची आपली नक्कल. पीओपीसी (एकूण भार शून्य) आणि पीओपीएस (ऋणभारित) ही लिपिडं क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेली असतात. ती काचेच्या सिरिंजने काचेच्या नळीतच घ्यायची, कारण क्लोरोफॉर्म प्लास्टिकमधली रसायनं ओढून घेतो आणि पुढे तीच स्पेक्ट्रममध्ये उभी राहतात. नायट्रोजनची मंद धार सोडत नळी बोटांत फिरवत राहा, काचेवर पातळ पापुद्रा धरेल. तो रात्रभर व्हॅक्यूमखाली सुकू द्या. सकाळी बफर घालून हलवलं की ताकासारखं पांढरं होतं. मग १०० नॅनोमीटर छिद्रांच्या पडद्यातून दोन सिरिंजांमध्ये इकडून तिकडे रेटायचं. हळूहळू ताक निवळतं आणि उजेडात धरलं तर निळसर झाक दिसते. ती झाक पहिल्यांदा दिसली तो दिवस मला आठवतो. रेटण्याची संख्या विषम ठेवा, अकरा किंवा एकवीस. म्हणजे नमुना शेवटी दुसऱ्या सिरिंजमध्ये येतो आणि न गाळलेला गाळ पहिल्या बाजूलाच राहतो.

पहिल्या वर्षी माझी मोठी चूक झाली. नमुन्यातली लिपिडं न काढताच मी रात्रभराचे रन लावले. सकाळी पाहिलं तर कॉलमचा (मास स्पेकआधी तुकडे वेगळे करणाऱ्या नळीचा) दाब चढत गेलेला, आणि पेप्टाइडांचे, म्हणजे प्रथिनाच्या तुकड्यांचे, पीक एकेका रनगणिक खुजे होत गेलेले. लिपिडं कॉलमला घट्ट चिकटतात आणि पेप्टाइडांचं आयनीभवनही, म्हणजे मशीनला दिसण्यासाठी त्यांच्यावर भार येणंही, दाबतात. कॉलम सगळ्या लॅबचा होता. दुसऱ्या एका मुलीचे नमुनेही त्यात अडकले, याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून पेप्सिनआधी झिर्कोनियाचे कण घालून लिपिडं ओढून घेते आणि प्रत्येक नमुन्यानंतर एक कोरा (नमुन्याशिवायचा) रन लावते.

डेटा हाती आला की मी आधी शेपटीचे तुकडे बघते. कॅल्शियम नसताना लायपोसोममुळे तिथे फरक पडायला नको. पडला असेल, तर दोन्ही नमुन्यांचा पीएच किंवा वेळ सारखी नव्हती असं समजून मी त्या दिवसाचा डेटा सोडून देते. नुसत्या पीओपीसीचे लायपोसोमही सोबत हवेतच. त्यांना हे प्रथिन जेमतेम चिकटतं, त्यामुळे तिथे मोठा बदल दिसला तर शंका घ्यायला जागा असते. आणि अगदी सुरुवातीला अखंड प्रथिनाचं वजन घ्या. माणसाच्या पेशीत याच्या टोकाला अ‍ॅसिटिल गट असतो, ४२ डाल्टनचा. नेहमीच्या ई. कोलाय जिवाणूंमध्ये बनवलेल्या प्रथिनाला तो नसतो, आणि पटलाला चिकटण्यात त्यामुळे फरक पडतो. मेथिओनिनचं ऑक्सिडीकरण झालं असेल तर १६ डाल्टनचा जादा पीक दिसेल.

केमिस्ट्रीची मुलं जीवशास्त्राला घाबरतात, बायोटेकची मुलं गणिताला. दोघांनाही सहा महिने पुरतात, हे मी जवळून पाहिलंय. बायोसिमिलर, म्हणजे मूळ जैविक औषधांसारखी औषधं, बनवणाऱ्या कंपन्यांनाही प्रथिनांचं मास स्पेक येणारी माणसं लागतात, तेव्हा पीएच.डी.नंतर प्राध्यापकी हीच एक वाट आहे असं धरून चालू नका.

लॅब निवडताना गाईडना दोन गोष्टी सरळ विचारा: विद्यार्थ्याला आठवड्याला मशीनचे किती तास मिळतात, आणि मशीन बंद पडलं तर दुरुस्तीचा करार चालू आहे का. मग तिथल्या सीनियर मुलांसोबत चहाला जा आणि हेच त्यांनाही विचारा.